अर्धं तिकीट

ते अर्धं तिकीट कुणाचं होतं? सिद्धूनं हे कंडक्टरला विचारलं, शेजारच्या बाईला विचारलं, पुढं आईला विचारलं. एकदा तर बारामतीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीतून ते तिकीट आत सरकवून विचारलं. कंट्रोलरनं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हाफ हाय. ल्हान पोराचं." एवढं सिद्धूलाही कळत होतं. चौथीत शाळा सुटली असली तरी तिकीट वाचता येत होतं त्याला. पोर कुठलं, ते हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही.

सिद्धू पणदऱ्याचा. आज्ज्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. आता थोडा ऊस, तीन म्हशी आणि सायकलला अडकवलेले दुधाचे कॅन. घरात आई फुलाबाई आणि तो. थोरली बहीण सारजा नरसिंहपूरच्या अंगाला एका वस्तीवर दिलेली.

खरं तर सिद्धूला वाढवलं ते सारजानंच. तो नवसाचा. बिरोबाला जाऊन केस उतरवायचे होते, आणि ते या ना त्या कारणानं लांबत गेलं. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्या डोक्याला कात्री लागली नाही. रोज सकाळी सारजा त्याला उंबऱ्यावर पुढ्यात बसवायची, खोबरेल चोपडायची, वेणी घालायची आणि टोकाला तांबडी रिबन बांधायची. तिचा हात घट्ट. केस ओढले गेले की सिद्धू 'स्स' करायचा. मग ती म्हणायची, "झालं, झालं," आणि रिबन जराशी सैल करायची. केस उतरवल्यावर गाव त्याला हसायचं थांबलं, पण तो दोन दिवस रडत होता. उंबऱ्यावर बसायचं कारणच गेलं होतं.

सारजाच्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि त्या पौषात सांगावा आला की तिला दिवस गेलेत. फुलाबाईनं लगेच हिरव्या खणाची चोरचोळी काढली. पोटुशी लेकीला माहेरून गुपचूप पोचवायची असते ती. गवगवा करायचा नसतो. सिद्धू तो खण कापडी पिशवीत घालून घेऊन गेला. सारजानं खण छातीशी धरला, हसली, आणि तशीच वाकून भिंतीला टेकली. तिच्या पोटात डाव्या बाजूला कळ येत होती. सासू म्हणाली, पहिलटकरणीला असं होतंच. ओवा दिला, गरम विटेचा शेक दिला. दाजी, म्हणजे तिचा नवरा दादासो, शेतातून येऊन तिच्या उशाशी बसला. सिद्धूला वाटलं, पोटुशीला असंच होत असेल. त्याला काय माहीत.

पुढच्या महिन्यात सारजा वांग्याच्या सरीत आडवी झाली. पिळल्यागत होतंय, एवढंच बोलत होती. जीपमध्ये घालून तिला इंदापूरला एका लहान दवाखान्यात नेलं. फुलाबाई आणि सिद्धू पणदऱ्याहून मिळेल त्या गाडीनं पोचले. तिथं सोनोग्राफीच्या आधी नर्सनं तिला तांब्यावर तांब्या पाणी पाजलं आणि बजावलं, बाहेर जायचं नाही, धरून बसायचं. सारजा बाकावर घामाघूम बसली होती. सिद्धूकडं बघून म्हणाली, "म्हशीला बी येवढं पाजत न्हाईस रं तू." ती हसली म्हणून तो हसला.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी सगळ्यांना आत बोलावून सरळ सांगितलं. मूल नाही. डाव्या अंडाशयावर गाठ आहे, मोसंबीएवढी. तिच्यामुळं पाळी चुकली आणि पोट दिसायला लागलं. आता गाठीला पीळ बसलाय. आजच काढायला हवी.

"पर आमी चोळी दिलीया," फुलाबाई म्हणाली.

ऑपरेशन झाल्यावर बाईंनी, रीतीप्रमाणं, काढलेली गाठ ट्रेमध्ये आणून नातेवाइकांना दाखवली. दादासोनं मान फिरवली आणि तो बाहेर गेला. फुलाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला. सिद्धूनं मात्र पाहिलं. चिरलेल्या गाठीत पिवळट चरबी होती, आणि चरबीत काळे, ओले, लांब केस. केसांच्या मुळाशी दोन दात. तांदळाच्या कणीपेक्षा थोडे मोठे, पांढरेशुभ्र.

बाईंना त्याच्या तोंडाकडं पाहून कळलं असावं. त्या म्हणाल्या, "अशा गाठीत कधी कधी केस सापडतात, दात सापडतात. मूल नव्हे ते. तिच्याच शरीरातलं आहे." मग त्यांनी ते एका रुंद तोंडाच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात घातलं, झाकण घट्ट लावलं आणि चिठ्ठी दिली. बारामतीच्या लॅबमध्ये पोचवायचं. तिथून ते पुण्याला तपासायला जाईल. "रिपोर्ट आल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही. गाठ साधी असली तर प्रश्न मिटला. नसली तर पुढं औषधं द्यावी लागतील, आणि ती वेळेवर द्यावी लागतील. समजलं ना?"

सिद्धू म्हणाला, समजलं. आणि त्याला खरंच समजलं होतं.

बरणीला गुंडाळायला फुलाबाईनं पिशवीत हात घातला आणि हाताला लागलं ते कापड दिलं. तो चोरचोळीचा खण होता. सारजानं दवाखान्यात येतानाही तो बरोबर आणला होता.

दुपारी साडेबाराची गाडी. ऊन लख्ख होतं. सिद्धू खिडकीशी बसला आणि पिशवी शेजारी सीटवर ठेवली. मांडीवर घ्यायला त्याला जड जात होतं. गाडी निमगाव केतकीच्या पुढं गेल्यावर कंडक्टर पेटी सांभाळत आला. सिद्धूनं बारामती म्हटलं. कंडक्टरनं एक तिकीट फाडलं, सीटकडं नजर टाकली, दुसरं फाडलं, दोन्हींना पंच मारला आणि हातावर ठेवली.

"ह्ये दुसरं कशाला?"

"मंग फुकट न्यायची व्हय? पुढचं दात आल्यात की तिला. पाचाची हाय चांगली." कंडक्टर हसला आणि पुढं गेला.

सिद्धूनं शेजारी पाहिलं. पिशवी होती. हिरव्या खणाचं टोक वर आलं होतं. पलीकडच्या सीटवर एक म्हातारी बाई बसली होती, तिनं हळूच हात करून त्याला दटावलं. "हलवू नगं. निजलीया."

"कोन?"

बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग पदर सारखा करून तिनं तोंड खिडकीकडं वळवलं, आणि उतरेपर्यंत पुन्हा इकडं पाहिलं नाही.

अंथुर्णे गेलं, लासुर्णे गेलं. गाडीत माणसं चढत होती. गर्दी झाली, तरी सिद्धूच्या शेजारी कुणी बसलं नाही. एक गडी आला, सीटशी वाकला आणि "बरं बरं, ऱ्हाऊ दे" म्हणत दांडीला धरून उभा राहिला. औषधाच्या पाण्याचा वास पिशवीतून येत होता, नाकाला झोंबणारा. आणि त्याच्या आत, अगदी तळाशी, खोबरेलाचा वास होता. सिद्धूनं तो ओळखला. रोज सकाळी उंबऱ्यावर यायचा तोच.

मग त्याच्या डोक्यात जे आलं ते थांबेना. पुण्याला नेऊन तपासायचं म्हणजे काय करायचं? कापायचं. बारीक कापायचं, काचेवर ठेवायचं. दवाखान्यातल्या पोऱ्यानंच सांगितलं होतं तसं. निजलेल्या पोरीला कापायला आपण घेऊन चाललोय. सारजाची पोर.

भवानीनगरला तो उतरला.

कारखाना चालू होता. मळीचा गोड आंबूस वास सगळीकडं भरलेला. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, आणि रांगेपलीकडं कालव्याची चारी. त्यानं दुकानातून खडे मीठ घेतलं. चारीच्या कडेनं आत चालत गेला, एका बाभळीखाली, आणि कुणाच्या तरी शेतातलं खुरपं उचलून खड्डा केला. तान्ही पोरं जशी मातीला देतात तसं त्यानं केलं. खाली मीठ, वर बरणी खणासकट, वर पुन्हा मीठ, मग माती, आणि मातीवर तीन दगड. आपण चांगलं करतोय असंच त्याला वाटत होतं. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तो दचकला, आणि उठला.

पुढच्या गाडीत कंडक्टरनं एकच तिकीट दिलं. सिद्धूनं ते दोनदा मोजून पाहिलं. मग मात्र त्याच्या जिवाला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी फुलाबाईनं विचारलं, रिपोर्ट आला का. सिद्धू म्हणाला, आला. काय म्हणाले? "सगळं नीट हाय म्हनालं. साधी गाठ." त्यानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत हे सांगितलं. दादासोलाही तेच कळवलं. घरातल्यांनी देवापुढं दिवा लावला. इंदापूरला परत जायचं काही कारण उरलं नाही.

सारजा बरी होण्यासाठी माहेरी आली होती. टाके भरले, ती भाकरी थापायला लागली, हसायला लागली. चैत्र गेला. वैशाखात तिचं पोट पुन्हा दिसायला लागलं.

दुपारचं गाव निजलेलं असायचं. तेव्हा सारजा उंबऱ्यावर बसायची. पाय पसरून, पुढ्यात जागा सोडून. तिचे हात हलायचे. फुलाबाईला वाटायचं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. ती आपल्या भावाला, सावळाराममामाला, बोलावून म्हणाली, बघ रे, वाऱ्यात काय करतीया. मामालाही कळलं नाही. सिद्धूला कळलं. आधी तेल. मग फणी, मुळापासून टोकापर्यंत. मग तीन पेड, एकाखाली एक, एकाखाली एक. टोकाशी आल्यावर तिचे हात थांबायचे आणि ती इकडंतिकडं चाचपायची, काही सापडत नसल्यासारखी.

त्याला ते बघवेना. एका दुपारी तो तिच्याजवळ जाऊन बसला. पुढ्यातल्या मोकळ्या जागेत नाही, बाजूला.

"आक्का..."

"बस की."

"आक्का, मी ती बरनी पोचवली न्हाय."

तिचे हात थांबले नाहीत. दोन पेड घातल्यावर ती म्हणाली, "ठावं हाय."

"रिपोट आलाच न्हाय. मी खोटं बोललो. चल, बारामतीला जाऊ, आजच. डॉक्टर काढत्याल काईतरी."

"जाऊ की." तिनं आणखी एक पेड घातला. गोठ्यात म्हशीच्या साखळीचा आवाज झाला. "कुठं ठेवलीस तिला?"

त्यानं सांगितलं. चारी, बाभळ, मीठ, तीन दगड. तिनं लक्ष देऊन ऐकलं, जसं कुणी आपल्या माणसाचा पत्ता ऐकतं.

"मातीत ठेवलीस? दात हुतं न्हवं तिला?"

"...व्हय."

"मंग? दात आल्यालं लेकरू पुरत्यात का रं कधी? येवढं बी कळलं न्हाय व्हय तुला." ती रागावली नव्हती. लहानपणी सदऱ्याची गुंडी उलटी लावली की म्हणायची तसंच म्हणाली. "तिकडं आंधारात यकटी हाय ती. मी गेल्यावर माज्याकडं आन तिला. जिथं मला सोडत्याल तिथं."

"आसं बोलू नगं."

"आन रिबन आन येक. तांबडी." तिनं टोकाशी आलेले हात त्याच्यापुढं धरले. चिमटीत काहीच नव्हतं. "कवापास्नं शोधतीया. सुटतं सारखं."

त्याच दिवशी तिला बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रिपोर्टचा. सिद्धूनं सगळ्यांसमोर खरं सांगितलं. फुलाबाईनं त्याला मारलं नाही. ती भिंतीशी बसली आणि हाताचा पंजा जमिनीवर हळूहळू आपटत राहिली. डॉक्टर म्हणाले, ही गाठ औषधाला दाद देणारी असावी, पण महिने हातचे गेलेत. आता पोटात सगळीकडं आहे. तरी त्यांनी पुण्याला पाठवलं, तरी औषधं झाली. औषधांनी सारजाचे केस गेले. तिला त्याचं काही वाटलं नाही. डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "माजं काय करायचंत."

श्रावण संपता संपता ती गेली. दादासोनं आपल्या गावी नेलं, आणि नरसिंहपूरला, भीमा-नीरा मिळतात तिथं, रक्षा सोडली. सिद्धू सगळीकडं होता आणि कुठंच नव्हता. रिबन त्यानं बारामतीच्या बाजारातून आणली होती, ती खिशात होती. भवानीनगरला उतरायचं धाडस होत नव्हतं. दहावा दिवस उगवला तेव्हा मात्र तो पहाटेच म्हशी पिळून निघाला.

कारखाना बंद होता. मळीचा वास नव्हता, माणसं नव्हती. चारी भरून वाहत होती. बाभळ होती, तीन दगड होते तसेच. त्यानं हातानं माती काढली. मीठ विरघळून गेलं होतं, पण एवढा पाऊस झेलूनही खण कुजला नव्हता. हिरवा तसाच हिरवा. त्यानं तो सोडला नाही. बरणी पोटाशी धरून रस्त्यावर आला आणि नरसिंहपूरच्या गाडीत चढला. तिघांच्या सीटवर खिडकीशी बसला, बरणी शेजारी ठेवली, आणि कंडक्टर आल्यावर आपणहून म्हणाला, "येक फुल, येक हाफ."

कंडक्टर कोवळा पोरगा होता, नवा लागलेला. त्यानं दोन तिकिटं फाडली. मग कडेच्या मोकळ्या जागेकडं पाहत थांबला.

"आन बाईंचं?"

सिद्धूनं तिकडं पाहिलं नाही. खिडकीबाहेर उसाचं रान चाललं होतं. तो म्हणाला,

"द्या."

तो नदीवर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दहाव्याचे विधी उरकून माणसं जेवायला गेली होती. घाटाच्या खालच्या पायरीवर पिंडाच्या भाताची शितं आणि फुलं पडलेली. दोन्ही नद्यांचं पाणी गढूळ होतं, आणि जिथं ते एकमेकांत मिसळत होतं तिथं एक रेघ दिसत होती, तीही हळूहळू पुसली जात होती.

सिद्धू पायरीवर बसला. खण सोडला. झाकण गंजलं होतं, जोर लावून फिरवावं लागलं. आत औषधाचं पाणी नव्हतं. झाकण तर घट्ट होतं, आणि पाणी नव्हतं. चरबी नव्हती, मांस नव्हतं. बुडाशी दोन दात होते, आणि त्यांच्यावर, काचेला टेकून, केस. कोरडे, तेल लावलेले.

तिपेडी वेणी घातलेली होती. मुळापासून टोकापर्यंत घट्ट, एकसारखी; सारजाच्या हाताची. फक्त टोक मोकळं होतं, आणि तिथून दोन-तीन पेड सुटत आले होते.

त्यानं दोन्ही हात सदऱ्याला पुसले. मग वेणी बाहेर काढली आणि खण मांडीवर पसरून त्यावर ठेवली. सुटलेले पेड बोटांनी पुन्हा घातले; त्याला येत होतं ते, पाच वर्षं डोक्यावर सोसलं होतं. दात खणाच्या टोकात बांधले. खिशातून रिबन काढली आणि वेणीच्या टोकाला दोन वेढे दिले. रडू येत होतं म्हणून त्यानं जरा जोरात ओढली.

कानाजवळ 'स्स' झालं. केस ओढले गेल्यावर लहान पोर करतं तसं. घाटावर कुणी नव्हतं.

सिद्धूचे हात थांबले. मग तो हळू म्हणाला, "झालं, झालं." रिबन जराशी सैल केली, आणि वेणी खणात ठेवून पाण्यात सोडली.